पिशवी कमरेच्या खाली

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टने हिसका दिला आणि त्याच क्षणी माझा आवाज अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "कृपया दारापासून दूर उभे राहा." मी तोंड उघडलं नव्हतं. आवाज मात्र माझाच होता. काही वर्षांपूर्वी एका कंपनीने मला गालिचा लावलेल्या एका बंद खोलीत बसवून मजल्यांचे आकडे, दाराविषयीच्या सूचना आणि "वजन जास्त झाले आहे" एवढं एक वाक्य वाचायला लावलं होतं. तेव्हापासून या शहरातल्या कितीतरी इमारतींत मी दिवसभर वर-खाली करत असतो. आईला या गोष्टीचं कौतुक कधीच वाटलं नाही. तिच्या मते घरात माझा आवाज बदकासारखा लागतो आणि लिफ्टमध्ये जो बोलतो तो कुणीतरी बऱ्या घरातला मुलगा आहे. आत्ता ती स्ट्रेचरवर आडवी होती, खुब्याच्या एक्स-रेहून परत येत होती, आणि वॉर्डबॉयने तिची लघवीची पिशवी तिच्याच पोटावर ठेवली होती, प्रवासात आपण डबा मांडीवर ठेवतो तशी. हिसक्यासरशी पिशवी डुचमळली. नळीतली पिवळी रेघ, जी खाली जायची ती, थबकली आणि उलटी फिरली. बोटभर. आईच्या दिशेने. हे मी डोळ्यांनी पाहिलं. "चौथा मजला," मी म्हणालो, म्हणजे तो म्हणाला, आणि दार उघडलं.

मी पिशवी उचलली आणि स्ट्रेचरच्या कडेला खाली धरली. वॉर्डबॉय म्हणाला, भाऊ, राहू द्या, इतकी वर्षं आम्ही अशीच नेतो. तो वाईट माणूस नव्हता, चाकं एका बाजूला ओढणारं स्ट्रेचर तो एका हाताने सरळ चालवत होता, ही सोपी गोष्ट नाही. मी पिशवी सोडली नाही. मग आमची वरात निघाली: पुढे तो, मध्ये आई, आणि कडेने मी, कमरेत वाकून, हात गुडघ्यापाशी, पिशवी जमिनीला टेकणार नाही आणि आईच्या वरही जाणार नाही अशा बेताने. समोरून येणारे लोक आधी पिशवीकडे बघत, मग माझ्याकडे, मग भिंतीवरच्या आगीच्या सूचनेकडे. आई डोळे मिटून म्हणाली, "अख्ख्या दवाखान्याला दाखव. तिकीट लाव." मी म्हणालो, लावतो. मला त्या वेळी काहीही लावता आलं असतं. माझ्या डोक्यात ती बोटभर उलटी रेघ सारखी मागे-पुढे होत होती आणि तिच्या मागोमाग मागच्या आठवड्यातला ताप.

तापाचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आई पडली ती घरातच, मोजा घालताना. आयुष्यभर ओल्या फरशीवर अनवाणी चाललेली बाई कोरड्या फरशीवर, एका पायात मोजा, अशी पडली. ती पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायची. शिट्टी, आखूड केस, आणि पाण्याच्या काठाने चालण्याची अशी एक चाल की ती किराणा दुकानातही तशीच चालायची, जणू डाव्या हाताला खोल पाणी आहे. तिची एक विद्या होती, तिला तोड नव्हती. तलावात कुणी लघवी करत असलं की तिला चेहऱ्यावरून कळायचं. पन्नास डोकी पाण्यावर असोत, ती बरोबर एकाकडे बोट दाखवून शिट्टी मारायची. एकदा तिने स्वतःच्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या मामाला, असंच बाहेर काढलं होतं, भर सुट्टीच्या दिवशी, त्याच्या ऑफिसातल्या लोकांसमोर. मामा त्यानंतर पाण्यात उतरलेला नाही. मला मात्र तिने पोहायला शिकवण्याचा नाद सोडला, कारण मी बुडतही नव्हतो आणि पुढेही जात नव्हतो, नुसता तरंगायचो. म्हणून मी 'बूच'. माझ्या पासपोर्टवर काय नाव आहे ते तिला आठवावं लागतं.

ऑपरेशनच्या वेळी तिला नळी घातली. तेव्हा ती हवीच होती, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पुढचे दिवस नळी तिथेच राहिली आणि आई माझ्याकडे बघून एकदा चमत्कारिक हसली. म्हणाली, कळतच नाही रे, केव्हा होते ते. पन्नासांतून एक चेहरा ओळखणाऱ्या बाईला स्वतःचं कळत नव्हतं. मी विनोद करायला तोंड उघडलं आणि विनोद सापडला नाही, हे माझ्या बाबतीत क्वचित होतं. मग एका दुपारी तिला थंडी वाजली. संध्याकाळपर्यंत ताप इतका चढला की ती उठून बसली आणि समोरच्या खाटेवरच्या म्हातारीला ओरडून सांगू लागली, बाहेर ये, ओठ निळे पडलेत तुझे, आधी बाहेर ये. म्हातारी बिचारी घाबरून खरोखर खाटेवरून पाय खाली सोडायला लागली. मी आईचे खांदे धरले. तिने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून पुसता येत नाही. तिथे राग नव्हता, ओळख नव्हती, होता तो नुसता सौजन्याचा, कामावरचा चेहरा, आणि ती मला म्हणाली, "तुमचं मूल कुठल्या बॅचला आहे?"

मी म्हणालो, सकाळच्या. दुसरं काय म्हणणार. ती म्हणाली, सकाळचं पाणी गार असतं, अंगाला तेल लावून पाठवा. मी हो म्हणालो. पुढचे काही तास मी आईच्या एका विद्यार्थ्याचा पालक म्हणून तिच्याशेजारी बसून होतो, आणि ते मूल, जे पाण्यात होतं आणि ज्याला तेल लावायचं होतं, ते कोण, याचा विचार करत होतो. औषधं चालू झाली, जुनी नळी काढून नवी घातली, ताप उतरला, आई परत आली, मला म्हणाली, असा काय बसलायस बुचासारखा. पण परत येताना ती थोडी उशिरा आली. शब्द सापडायला तिला वेळ लागू लागला. आणि मला एक गोष्ट कळली, जी कळल्यावर माणूस झोपतो ते नुसतं सवय म्हणून: पुढच्या वेळी ती परत येईलच असं नाही. वॉर्डच्या सिस्टरने इंजेक्शन भरता भरता एका दमात सांगितलं होतं, नळी म्हणजे जंतूंना जिना, जितके दिवस राहील तितकी भीती, पिशवी वर गेली की घाण परत आत, हात धुतल्याशिवाय हात लावू नका, जोड उघडू नका, नळी पायाखाली दबू देऊ नका. मग ती दुसऱ्या खाटेकडे गेली. मी तिथेच उभा. जिना हा शब्द माझ्या डोक्यात बसला. लिफ्टच्या माणसाला जिन्याची भीती असणं हे तसं शोभूनच दिसतं.

त्या दिवसापासून मी त्रासदायक इसम झालो. पूर्वी मी गमतीदार इसम होतो, त्यात आणि यात फारसा फरक नाही, फक्त लोक हसायचे थांबतात. मी पिशवीखाली वाकून बघायचो की ती फरशीला टेकत तर नाही. पिशवी रिकामी करायला येणाऱ्या मावशींना मी विचारायचो की हे भांडं आईचंच ना, शेजारच्या खाटेचं नाही ना, आणि तोटी भांड्याला लागत तर नाही ना. त्या म्हणायच्या, दादा, तुम्हीच करा मग. मी करायचो. साबणाने हात धुऊन धुऊन माझी बोटं मनुकांसारखी झाली. आईने ती बघून म्हटलं, बघ, अखेर पाण्यात उतरलास. मामा रोज दुपारी यायचा, इस्त्रीचा शर्ट, हातात फळं, आणि येताच पहिली गोष्ट म्हणजे पिशवी आकड्यावरून काढून खाटेवर, आईच्या पायांशी ठेवायचा आणि वरून चादर ओढायचा. म्हणायचा, अरे चारचौघं येतात, बरं दिसतं का ते. मी ती पुन्हा खाली लावायचो. तो पुन्हा वर. एका दुपारी आम्ही दोघांनी न बोलता ती पिशवी चार वेळा वर-खाली केली असेल. मामाच्या मनात काहीही वाईट नव्हतं. तो बहिणीची अब्रू झाकत होता. त्याला आयुष्यात एकदा लघवीपायी चारचौघांत उभं केलं गेलं होतं आणि तो ते दुसऱ्या कुणावर येऊ देणार नव्हता, त्यातून ज्या बाईने उभं केलं तिच्यावर तर नाहीच. हे मला त्याच्या चादर ओढण्याच्या हातावरून कळत होतं, आणि कळूनही मी पिशवी खालीच लावत होतो. माया करणाऱ्या माणसाशी भांडणं सर्वांत अवघड, कारण आपला हात त्याच्याच हातासारखा दिसतो.

युक्ती सुचली ती लिफ्टमुळेच. माझ्या लक्षात आलं की मी लोकांना काहीही सांगितलं तर लोक मला कारण विचारतात, आणि तोच मी लिफ्टमध्ये बोललो तर लोक मुकाट्याने दारापासून दूर होतात. एका दुपारी मी आईच्या खाटेच्या पडद्यामागे उभा राहिलो, पोटात श्वास घेतला, त्या गालिच्याच्या खोलीत घेतला होता तसा, आणि म्हणालो, "कृपया लघवीची पिशवी रुग्णाच्या कमरेच्या खाली ठेवावी. पिशवी जमिनीला टेकवू नये." मग पडद्याच्या फटीतून मला दिसलं: समोरच्या म्हातारीच्या सुनेने फरशीवर पडलेली सासूची पिशवी उचलून आकड्याला लावली. पलीकडे वॉर्डबॉयने एका पोटावरची पिशवी काढून खाली धरली. कुणीही वर, आवाज कुठून आला, म्हणून पाहिलं नाही. मी आणखी धीट झालो. "कृपया रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी हात धुवावेत." मामा, जो नुकताच फळं ठेवून पिशवीकडे वाकत होता, सरळ झाला आणि बेसिनकडे गेला. नंतर तो मला म्हणाला, सुधारणा आहे हं इथे, आता स्पीकर लावलेत. आईने मात्र पहिल्याच शब्दाला डोळे उघडले होते. ती पडद्याकडे बघून म्हणाली, "बूच, हा चावटपणा बंद कर. आणि 'स्पर्श' नीट म्हण."

पण आवाजाने पिशवी खाली राहत होती, नळी निघत नव्हती. आई आता वॉकर धरून खाटेभोवती चालू लागली होती, पिशवी वॉकरच्या खालच्या दांडीला लटकवून, आणि तिची ती काठाने चालण्याची चाल त्या पिशवीमुळे मोडत होती, ती सारखी खाली बघायची. चालता येणाऱ्या बाईला नळी कशासाठी, हा प्रश्न मी सिस्टरला विचारला. ती म्हणाली, डॉक्टरांना विचारा. लहान डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, मोठ्या डॉक्टरांनी ठेवायला सांगितली असणार. 'असणार' हा शब्द मी घरी घेऊन गेलो. आंघोळ करताना, चहा उकळताना, तो माझ्याबरोबर होता. मी मनात मोठ्या डॉक्टरांशी भांडत होतो. मनात ते फार हुशार होते, मोठमोठी कारणं देत होते, आणि मी प्रत्येक कारण खोडून काढत होतो, एकदा तर इतकं जोरात की शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. मला त्यांच्या चेहऱ्याची एक एक रेघ पाठ झाली होती. माझ्या आईला पाण्यात ढकलणारा तो माणूस. मामा म्हणाला, डॉक्टरांशी हुज्जत घालू नये, त्यांच्या हातात आपलं माणूस असतं. मी म्हणालो, त्यांच्या हातात नाही मामा, आकड्याला लटकलंय.

मोठे डॉक्टर सकाळी येत, मागे सात-आठ जण, आणि वॉर्डमधून असे जात की ते थांबले होते हे ते पुढे गेल्यावर कळायचं. त्या सकाळी मी खाटेच्या पायथ्याशी, त्यांच्या वाटेत, उभा राहिलो. ठरवलं होतं की लिफ्टचा आवाज काढायचा. त्या आवाजापुढे दारं उघडतात, मोठे डॉक्टर म्हणजे काय मोठं. मी पोटात श्वास घेतला. ते आईकडे बघून म्हणाले, छान, चालताय ना, छान, आणि वळले. मी तोंड उघडलं आणि बदक बाहेर पडलं. चिरका, फाटका, घरातला आवाज. "डॉक्टर, आईला ही नळी आज कशासाठी आहे?"

ते थांबले. मागचे सात-आठ जण एकमेकांवर आदळले.

"कुठली नळी?" ते म्हणाले.

मी चादर बाजूला केली. पिशवी खाली लटकत होती, निम्मी भरलेली, अगदी नियमानुसार. ते वाकून बघत राहिले, घरात नको असताना उगवलेल्या रोपट्याकडे माणूस बघतो तसे. "अजून आहे?" ते लहान डॉक्टरला म्हणाले. लहान डॉक्टर सिस्टरकडे बघू लागला. सिस्टर म्हणाली, तुम्ही सांगितलं नाही म्हणून काढली नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, मला वाटलं काढली. ते खरं बोलत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी पाठ केलेली एकही रेघ नव्हती, एक थकलेला, चष्म्यावर बोटाचा ठसा असलेला माणूस होता. मला कुणाचा तरी गळा धरायचा होता आणि धरायला गळाच नव्हता. कुणी ठरवलं नव्हतं. ताप, ओठ निळे पडलेत, तुमचं मूल कुठल्या बॅचला, हे सगळं कुणीच न ठरवता झालं होतं. प्रत्येकाला वाटत होतं की ते दुसऱ्या कुणाच्या तरी मनात आहे, आणि कुणाच्याच मनात नसलेली ती नळी माझ्या आईच्या अंगात होती. मला हसू आलं. ते हसू नव्हतं, पण तोंडाचा आकार तोच होता, त्यामुळे लोकांचा गैरसमज झाला.

"काढा," डॉक्टर म्हणाले. सिस्टर म्हणाली, काढते, पण आधीच सांगते, आम्ही दोघी आणि एवढा वॉर्ड. आजींना दर थोड्या वेळाने बेडपॅन कोण देणार? मी म्हणालो, मी. हे मी लगेच म्हणालो, विचार न करता, आणि म्हटल्यावर विचार आला. आईकडे बघायची हिंमत झाली नाही. "हा नाही," आई म्हणाली. आवाज शांत होता, काठावरचा. "पॅन नको. मी चालत जाईन." डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत लघवी आपली आपण झाली तर उत्तम, नाहीतर तपासून बघू, मूत्राशय भरलेलं असलं तर पुन्हा घालावी लागेल. मग ते पुढे गेले, आणि पुढच्या खाटेशी पोचताच, हे मी स्वतः पाहिलं, त्यांनी तिथली चादर उचलून बघितली.

नळी निघायला काहीच वेळ लागला नाही. ती मावशींच्या बादलीत पडली तेव्हा एखाद्या मेलेल्या, निरुपद्रवी जनावरासारखी दिसत होती. आई पाणी पीत बसली. दुपार झाली. मामा आला, पिशवीच्या जागी बघून गोंधळला, चादर ओढायला काही नसल्याने त्याने उगाच उशी नीट केली. परिस्थिती कळल्यावर तो गंभीर झाला, बेसिनकडे गेला आणि नळ थोडा सोडून आला. म्हणाला, आवाजाने होते, लहान मुलांची होते. आई त्याच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "दादा, मी तीस वर्षं पाण्याच्या काठावर उभी होते. आवाजाने होत असती तर नोकरी राहिली असती का?" मामाने नळ बंद केला. ती दोनदा वॉकर घेऊन संडासापर्यंत जाऊन आली, मावशींना बरोबर घेऊन, आणि दोन्ही वेळा परत येऊन पाण्याचा पेला उचलला. ऊन भिंतीवरून सरकत होतं. मी त्या उन्हाकडे बघत नव्हतो, तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, तिची विद्या मला येते का ते, आणि ती मला मुळीच येत नव्हती. मला तिथे फक्त एक बाई दिसत होती जिला दुखत होतं आणि जी ते कुणाला सांगणार नव्हती. सिस्टर येऊन गेली, ट्रॉलीवर नवी, पाकिटातली, बंद नळी ठेवून गेली. तयारी म्हणून. आईने ते पाकीट पाहिलं. मीही पाहिलं. माझ्या पोटात कळ आली, जणू माझंच मूत्राशय भरलंय. खरं म्हणजे भरलंच होतं, सकाळपासून मी गेलो नव्हतो, आई गेल्याशिवाय जायचं नाही असं काहीतरी मूर्खासारखं मी ठरवून बसलो होतो आणि ते आत्ता माझ्या लक्षात येत होतं.

तिसऱ्यांदा उठताना ती मावशींना म्हणाली, तू बस. मला म्हणाली, तू पण. मी बसलो नाही, मागून गेलो, तिच्यापासून हातभर, पडली तर धरता येईल इतका. ती भिंतीच्या कडेने चालली, वॉकर पुढे, आणि तिची नजर खाली नव्हती, समोर होती. संडासाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की रुग्णांनी आतून कडी लावू नये. ती आत गेली. वॉकर ओढून घेतला. दार लागलं. आणि मग, स्वच्छ, सावकाश, एखादं काम नीट करणाऱ्या माणसासारखी, तिने आतून कडी लावली.

सिस्टर धावत आली. आजी, कडी काढा, पडाल. तिने दार वाजवलं, मग तळहाताने थापटलं. वॉर्डबॉय आला, म्हणाला, सरका, खांदा लावतो, जुनी कडी आहे, एका धक्क्यात जाईल. मामा तिकडून, अरे काय चाललंय, चारचौघांत, असं म्हणत येत होता. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. दोन्ही हात चौकटीला. वॉर्डबॉय म्हणाला, भाऊ, वेडेपणा करू नका. मी म्हणालो, करतोय. त्या बदकाच्या आवाजात. सिस्टर म्हणाली, काही झालं तर जबाबदारी कुणाची? मी म्हणालो, तिची. हे म्हणताना मला आतून खूप भीती वाटत होती, ती फरशीवर पडली असेल, एका पायात चप्पल, तोंडातून शब्द निघत नसेल, आणि मी तिच्या आणि मदतीच्या मध्ये बूच होऊन बसलो असेन. तरी मी हललो नाही. कितीतरी दिवस तिच्या अंगात कुणीही येत होतं, जात होतं, वाकून बघत होतं, मी सर्वांत जास्त. दाराच्या लाकडाला माझी पाठ टेकली होती आणि पाठीला आधी काहीच कळलं नाही, मग एक बारीक थरथर कळली, मग आवाज आला, थेंब, थांबला, पुन्हा थेंब, आणि मग एक लांब, बेगुमान, न लाजणारी धार, जी थांबेचना. सिस्टरने हात खाली घेतला. वॉर्डबॉय भिंतीवरच्या सूचनेकडे बघू लागला. मामा होता तिथेच उभा राहिला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

ती धार संपली असं वाटल्यावर सिस्टरने अगदी हळू, एका बोटाने, दार वाजवलं.

"आत माणूस आहे," आई म्हणाली. "थांबा."